तोफ थंडावली तेव्हा

त्या बेकरीच्या मालकिणीला अख्खी गल्ली 'तोफ' म्हणायची, आणि तेही तिच्या तोंडावर. तिला त्याचं काही वाटत नसे. उलट कुणी नुसतं "मावशी" म्हटलं तर ती मान वर करून बघायची, हा कोण नवा आलाय? पहाटे भट्टीपाशी तिचा आवाज सुटला की समोरचा न्हावी अंथरुणातून उठायचा, वरच्या मजल्यावरची शिक्षिका चहाला आधण ठेवायची. पीठ जरा सैल झालं, की आवाज. पावाची कड भट्टीच्या दगडाला घासली, की आवाज. गिऱ्हाइकाने पाव दाबून बघितला, की मग काय, विचारूच नका!

तिची सून लग्न होऊन आली तेव्हा पहिले काही महिने मोरीत जाऊन रडायची. माहेरी सगळी हळू बोलणारी माणसं, आणि इथे हा दारूगोळा. पण पोरगी हुशार होती. तिच्या हळूहळू लक्षात आलं, की सासूबाई माणसाला कधीच वाईट म्हणत नाहीत. त्या पावाला वाईट म्हणतात. आता तो पाव आपण केलेला असतो, त्याला त्या बिचाऱ्या काय करणार? एकदा हे कळलं आणि सुनेचं रडणं थांबलं. तिला त्या बाईचं भारी कौतुक वाटायला लागलं. नवरा गेल्यावर एकटीने भट्टी चालवायची, मुलाला वाढवायचं, आणि एकही कच्चा पाव दुकानात जाऊ द्यायचा नाही, हे येरागबाळ्याचं काम नव्हे. सून मनातल्या मनात म्हणायची, मला अर्धं जमलं तरी मी जिंकले.

आणि एके दिवशी सून पिठात मीठ घालायलाच विसरली.

एक-दोन गोळ्यांत नव्हे, अख्ख्या परातीत. पाव भाजून बाहेर आले, सासूबाईंनी पहिला उचलला, मोडला, चावला. सुनेने कान घट्ट मिटून घ्यावेत तसे डोळे मिटून घेतले. आता उडणार! सासूबाईंनी घास गिळला, म्हणाल्या, "असू दे," आणि मैद्याच्या पोत्यावर जाऊन बसल्या.

असू दे? शिव्या खाल्ल्या असत्या तर ती चार वाजेपर्यंत विसरून गेली असती. हे 'असू दे' तिला दिवसभर चावत राहिलं.

घरात मात्र आनंदीआनंद. तिचा नवरा दुकानाचा गल्ला आणि हॉटेलांना पाव पोहोचवायचं काम बघायचा. तो हात चोळत म्हणाला, "आई निवळली गं! सुटलो बाबा एकदाचे." न्हाव्याला उशिरापर्यंत झोप लागायला लागली. गिऱ्हाइकं खुशाल पाव दाबून बघायला लागली. सगळ्यांना वाटलं, वय झालं, बाई शांत झाली. चांगलंच आहे की!

सुनेला ते काही पटेना. ती बघत होती. भट्टीपुढे उभं राहिलं की माणूस घामाने निथळतो, आणि सासूबाई तिथे शाल पांघरून उभ्या. चेहरा सुजल्यासारखा, सकाळी डोळ्यांखाली फुगवटा. आवाज जाडाभरडा झालेला, जणू घशात पीठ अडकलंय. कंगव्यात केसांचा पुंजका. बोटांची कातडी कोरडी, भेगाळलेली. जेवण निम्म्यावर आलेलं, तरी अंगावरचे कपडे घट्ट व्हायला लागलेले. दुपारी पोत्याला टेकून झोपायच्या आणि उठल्या तरी झोप न झाल्यासारख्या. बोलता बोलता शब्द सापडायचा नाही, मग "जाऊ दे" म्हणून गप्प. ज्या बाईने जन्मात काही जाऊ दिलं नव्हतं, ती!

कुणालाही विचारा, उत्तर तयार. केस? वयाने गळतात. वजन? बेकरीत राहून वाढणारच. थकवा? जन्मभर कष्ट केलेत. एकेका गोष्टीला एकेक कारण, आणि प्रत्येक कारण शहाण्यासारखं. सुनेला मात्र वाटायचं, ही सगळी लक्षणं मिळून काहीतरी एकच सांगताहेत, आणि आपल्याला ते कळत नाहीये.

मग नवऱ्याने रात्रीच्या जेवणाला विषय काढला. म्हणाला, "आई, आता भट्टी बंद करू या. कारखान्यातून तयार पाव मागवू, आपण नुसते विकू. तूही मोकळी, आम्हीही मोकळे." आणि भांडणाच्या तयारीने सरसावून बसला.

सासूबाई ताटाकडे बघत म्हणाल्या, "बरं."

बरं! आता तुम्हीच सांगा, हे काय निवळणं झालं? नवऱ्याचा विजय झाला होता, तरी तोसुद्धा जरा गोंधळला. सुनेच्या हातातला घास तसाच राहिला. भट्टी गेली तर या बाईचं उरेल काय? आणि ती जाताना ही साधी हूं की चूं करत नाहीये. त्याच क्षणी सुनेने ठरवलं, हे म्हातारपण नाही. हे दुसरंच काहीतरी आहे, आणि भट्टी विझायच्या आत ते शोधून काढायचं.

पण तोफेला दवाखान्यात न्यायचं कसं? त्या थकल्या असल्या तरी 'मला काय धाड भरलीय' हे वाक्य अजून शाबूत होतं. सुनेने सरळ थाप मारली. "आई, माझंच पोट दुखतंय, एकटीला भीती वाटते, सोबत येता का?" सासूबाई शाल सावरत निघाल्या. सुनेसाठी त्या कुठेही गेल्या असत्या, फक्त तसं बोलल्या नसत्या.

डॉक्टरीणबाई वयाने सुनेएवढीच. खोली लहान, खिडकीत औषधांचे खोके, भिंतीला वजनकाटा. सून खुर्चीवर बसली, तोंड उघडणार, तोच डॉक्टरीणबाईंनी मागे उभ्या असलेल्या सासूबाईंकडे नीट बघितलं, मग सुनेकडे, आणि विचारलं, "त्रास नक्की कुणाला आहे?"

सून उठली आणि तिने सासूबाईंना खुर्चीवर बसवलं.

डॉक्टरीणबाईंनी काही घाई केली नाही. मनगट धरून नाडी बघितली. भुवयांची बाहेरची टोकं विरळ झाली होती, तिथे बोट फिरवलं. मानेवर पुढून हात ठेवून म्हणाल्या, "गिळा." मग त्यांना गुडघे टेकून खुर्चीवर उलटं बसायला लावलं आणि रबरी हातोडीने टाचेच्या वरच्या शिरेवर टक् केलं. पाऊल हललं, आणि परत जागेवर यायला त्याने असा काही वेळ लावला, की सुनेलासुद्धा ते दिसलं.

"थायरॉइड," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "रक्त तपासू या, पण मला तरी तसंच वाटतंय. तुमच्या बेकरीत भट्टीची आच कोण ठरवतं?"

"मी," सासूबाई म्हणाल्या.

"शरीरात ती थायरॉइडची गाठ, म्हणजे ग्रंथी, ठरवते. गळ्याच्या खाली, श्वासनळीच्या पुढे, दोन पाकळ्यांची. ती रक्तात दोन रसायनं सोडते, आणि हृदयाने किती जोरात चालायचं, आतड्यांनी किती, मेंदूने किती, अंग किती गरम ठेवायचं, सगळं त्यांच्यावर. ती कमी पडली, की सगळ्या घराची आच मंद होते. म्हणून थंडी, म्हणून सूज, म्हणून केस, म्हणून हे गप्प बसणं. रोग एकच आहे, मावशी. त्याने दारं मात्र बरीच ठोठावली."

सून ऐकतच राहिली. बोटाएवढी ती गाठ! आणि अख्खी बाई तिच्या जिवावर उभी. केवढी करामत म्हणायची ही!

रक्ताचा अहवाल आला तेव्हा डॉक्टरीणबाईंनी कागदावर बोट ठेवलं. मेंदूच्या बुडाशी आणखी एक ग्रंथी असते, त्या म्हणाल्या. थायरॉइड कमी पडली की ती वरून ओरडते, 'काम कर, काम कर!' ते ओरडणं म्हणजे टीएसएच. तुमच्या रक्तात ते भरमसाट वाढलंय, आणि खालून उत्तर येत नाही, कारण शरीरच आपल्या गाठीला परकं समजून पोखरत बसलंय.

सुनेच्या डोळ्यांत पाणी आलं. म्हणजे इतके दिवस सासूबाईंच्या आत कुणीतरी ओरडत होतंच. आपल्याला ऐकू येत नव्हतं, एवढंच.

औषध सोपं होतं. इवलीशी गोळी, त्या गाठीने जे बनवायचं तेच तिच्यात. "सकाळी उठल्या उठल्या, उपाशीपोटी, साध्या पाण्याबरोबर. मग तासभर काही खायचं नाही. ही फार लाजरी गोळी आहे, पोटात दुसरं काही असलं की अंगाला लागत नाही. आणि धीर धरा. फरक पडायला काही आठवडे जातात."

"मी कुठे सकाळी काही खाते," सासूबाई म्हणाल्या.

आठवडे गेले. गोळी न चुकता पोटात जात होती, सून स्वतः पाण्याचा पेला हातात देत होती. शाल काही सुटेना. सूज उतरेना. नवरा म्हणाला, "बघ, मी सांगत होतो. वयाला काय गोळी असते?" त्याने कारखानेवाल्याशी बोलणं पक्कं केलं, महिनाअखेरीला भट्टी विझणार होती. सासूबाई सुनेला म्हणाल्या, "पोरी, तू खूप केलंस. आता नको धडपडू. मीच संपलेय." हे त्यांनी इतक्या साधेपणाने सांगितलं, की सुनेला हुंदका आवरेना.

ती त्यांना पुन्हा घेऊन गेली. नवा अहवाल जुन्यासारखाच, जेमतेम तसूभर हललेला. डॉक्टरीणबाई त्याकडे बघत बसल्या. गोळी दुप्पट करून मोकळं होणं सोपं होतं, दाराबाहेर माणसंही ताटकळली होती. पण या बाईने पेन खाली ठेवलं, खुर्ची पुढे ओढली आणि म्हणाली, "मावशी, उठल्यापासून काय काय करता ते मला सांगा. काही गाळू नका."

"उठते. तोंड धुते. गोळी घेते. पीठ बघते. भट्टी बघते. पाव बघते. झालं."

"काही खाता?"

"छे! म्हटलं ना, काही नाही."

सून बाजूला बसली होती. रोज पहाटेचं ते दृश्य तिच्या डोळ्यांपुढून गेलं आणि ती ताडकन उठून उभी राहिली. "आई, पीठ कसं बघता तुम्ही?"

"कसं म्हणजे? जिभेनं! आंबवलेलं पीठ काय डोळ्यांनी कळतं?"

"आणि पहिला पाव?"

आता हे सांगायला हवं. त्या बेकरीत सासऱ्यांच्या आधीपासूनचा दंडक होता, की पहिल्या भट्टीतला पहिला पाव भट्टीवाल्याने स्वतः अख्खा खाल्ल्याशिवाय माल दुकानात जायचा नाही. नुसता तुकडा नव्हे, अख्खा. कारण कडा एक सांगतात आणि पावाचं पोट दुसरंच सांगतं. आणि आधीची चव जिभेवरून जावी म्हणून वर दूध घातलेली कॉफी. इतकी वर्षं हे सगळं सासूबाईंनी केलं होतं, रोज, आणि त्याला खाणं म्हणावं हे ना त्यांच्या डोक्यात आलं, ना रोज शेजारी उभ्या राहणाऱ्या सुनेच्या.

"ते खाणं नव्हे!" सासूबाई म्हणाल्या, आणि कितीतरी दिवसांनी त्यांच्या आवाजाला धार आली. "ते काम आहे! काम कधीपासून खाणं झालं?"

डॉक्टरीणबाई डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. मग हात जोडून म्हणाल्या, "चूक माझी, मावशी. मी 'खाऊ नका' म्हटलं. 'काम करू नका' म्हणायला हवं होतं."

रात्री झोपताना गोळी घेता येईल का, असं सुनेने विचारलं. पण बेकरीवाली माणसं जेवतात आणि आडवी होतात, पोट तेव्हाही भरलेलंच. तासभर आधी उठायचं तर आजारी माणसाची झोप मोडणार. म्हणजे पहाटच उरली. गोळी घ्यायची आणि सासूबाईंनी तासभर तोंड मिटून बसायचं. मग पीठ कोण बघणार? पहिला पाव कोण खाणार? गोळीनंतर तासभर थांबलं तर पीठ उतू जाणार, आणि दुकानाचं दार तर उजाडायच्या आत उघडायला हवं.

"मी," सून म्हणाली.

सासूबाईंनी तिच्याकडे बघितलं. ती नजर सुनेने जन्मात विसरू नये अशी होती. ही बाई घराच्या किल्ल्या कुणालाही देईल, पण जीभ? मग म्हणाल्या, "मीठ विसरलीस तर तुलाच कळणार नाही."

"तेव्हा कळलं होतं, आई. तुम्ही ओरडला नाहीत ना, म्हणून जास्तच कळलं."

तर असा तो अभ्यास सुरू झाला. सासूबाई स्टुलावर तोंड मिटून, सून पीठ चिमटीत घेऊन जिभेवर. "आंबट आहे." "कसलं आंबट? दह्याचं की लिंबाचं?" "दह्याचं." "मग थांब अजून." पहिला पाव सून खायची आणि सासूबाई तिच्या तोंडाकडे अशा टक लावून बघायच्या, की घास घशाखाली उतरायला घाबरायचा. नवऱ्याला सुनेने बजावून सांगितलं, कारखानेवाल्याला थांबव. तो कुरकुरला, पण त्याने थांबवलं.

फरक एकदम पडला नाही. आधी सकाळची सूज उतरली. मग एक दिवस सासूबाई दुपारी झोपायचं विसरल्या. आणि एका पहाटे भट्टीपुढे उभ्या असताना त्यांनी शाल काढून खुंटीला टांगली आणि वैतागून म्हणाल्या, "केवढं उकडतंय इथे!" सुनेने तोंड फिरवून डोळे पुसले. उकाड्याचा इतका आनंद कुणाला झालेला तुम्ही पाहिलाय?

त्यानंतर लवकरच तो पाव आला. बुडाला कच्चा, वरून फसवा. सुनेने घास घेतला, काही बोलायच्या आत सासूबाईंनी पाव हातातून ओढून उलटा केला, बुडावर टिचकी मारली, आणि असा आवाज फुटला, की समोरच्या न्हाव्याने खिडकी उघडून विचारलं, "सगळं ठीक आहे ना?" "ठीक आहे!" सून ओरडली. "एकदम ठीक आहे!" आणि शिव्या खात उभी राहून हसत सुटली.

त्याच दिवशी नवऱ्याने भीत भीत कारखान्याचा विषय काढला.

"कुणी ठरवलं?" सासूबाई कडाडल्या.

"आई, तूच 'बरं' म्हणालीस."

"अरे, मी आजारी होते! आजारी माणसाचं 'बरं' खरं धरतोस होय रे?"

भट्टी राहिली. त्यावर पुन्हा कुणी अवाक्षर काढलं नाही.

तिसऱ्या तपासणीला आकडे जागेवर आले होते. डॉक्टरीणबाईंनी सासूबाईंची नाडी धरली आणि समाधानाने मान हलवली. मग बजावलं, "आता बरं वाटतंय म्हणून गोळी सोडायची नाही. आणि अजून बरं वाटावं म्हणून एकाची दोन करायची नाही. जास्त झाली की हृदय पळायला लागतं, हाडं पोकळ होतात. आच मोठी झाली की पाव करपतो, हे मी तुम्हाला काय सांगायचं." सासूबाईंनी त्यांच्यासाठी गरम पावांची पिशवी आणली होती. ती पुढे सरकवत त्या म्हणाल्या, "पोरी, तू त्या दिवशी पेन खाली ठेवलंस ना, ते मी विसरणार नाही." तोफेच्या तोंडून कौतुक! सुनेला इतक्या वर्षांत एकदाही मिळालं नव्हतं, पण तिला हेवा वाटला नाही. त्या डॉक्टरीणबाईला ते मिळायलाच हवं होतं.

"एक विचारायचं राहिलं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "हे बऱ्याचदा घराण्यात असतं. तुमच्या आईला, बहिणींना असं काही?"

सासूबाई हसऱ्या तोंडाने "नाही" म्हणायला गेल्या आणि थांबल्या. चेहऱ्यावरचं हसू तसंच राहिलं आणि डोळे मात्र कुठेतरी दूर गेले.

"आई," त्या म्हणाल्या. "आमची आई भिंतीला टेकून बसलेली असायची. उन्हाळ्यात गोधडी. आवाज असाच जाड. लोक म्हणायचे आळशी, वडीलही म्हणायचे. आम्ही दोघी बहिणी शाळेतून धावत यायचो आणि ते यायच्या आत भांडी, झाडू, सगळं उरकून टाकायचो. म्हणजे तिनंच केलं असं वाटावं. ती काही बोलायची नाही. नुसती बघायची आमच्याकडे." त्यांनी पदराने नाक पुसलं. "तशीच गेली. कुणी तिचा हातसुद्धा धरून बघितला नाही."

मग सासूबाई एकदम उठल्या. "धाकटी," त्या म्हणाल्या. "ती हल्ली फोनवर किती हळू बोलते."

रस्त्यावर येऊनच त्यांनी मुलाला फोन लावला. "संध्याकाळची भट्टी तू लाव. कशी म्हणजे? इतकी वर्षं काय डोळे मिटून उभा होतास? करपले तर करपले!" सुनेने कपाळाला हात लावला. करपले तर करपले? जन्मात पहिल्यांदा ही बाई असं म्हणत होती, आणि या वेळी ती ठणठणीत बरी होती.

धाकट्या बहिणीचं, म्हणजे नवऱ्याच्या मावशीचं, घर बसने थोडं लांब. दार तिच्या मुलीने उघडलं आणि तक्रारीच्या सुरात म्हणाली, "बरं झालं आलात, तुम्हीच समजवा तिला. नुसती बसून असते." मावशी खिडकीपाशी खुर्चीत बसली होती. बाहेर लख्ख ऊन, आणि तिच्या पायांत लोकरी मोजे. तिने मान वळवली, ओळखायला क्षणभर वेळ घेतला, मग हसली.

सासूबाई तिच्यापुढे फरशीवर बसल्या. तिचे दोन्ही हात हातात घेतले. भुवयांच्या टोकांवरून अंगठा फिरवला.

"ताई," मावशी सावकाश म्हणाली, "मला काही करवत नाही गं. मी आळशी झालेय. आईसारखी."

सून दाराशी उभी होती. तिला वाटलं, आता गल्ली हादरणार. पण सासूबाईंचा आवाज इतका हळू निघाला, की तिला पुढे वाकून ऐकावं लागलं.

"आई आळशी नव्हती," त्या म्हणाल्या. "तिला बरं नव्हतं गं. तुला काय आहे ते मला ठाऊक नाही, ते रक्त सांगेल. पण तू आळशी नाहीस. ऐकलंस?"

मावशी नुसती बघत राहिली. मग तिच्या सुजलेल्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं.

"ऊठ," सासूबाई म्हणाल्या, "चप्पल घाल."